दहाचा बर्फ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बर्फ किलोने कुणी मागत नाही. ‘दहाचा द्या’, ‘वीसचा द्या’ असेच म्हणतात. बर्फवाला गोणपाट बाजूला सारतो, वरचा भुसा झटकतो, लादीवर टोचा मारतो आणि अंदाजाने एक ढेकूळ आपल्या पिशवीत टाकतो. भाव वाढला का, असे विचारले तर तो खरेच सांगतो, ‘नाही वाढला, दहाच आहे.’ सैलानी बाबांच्या यात्रेच्या दिवसांत, होळीच्या सुमारास, दहा रुपये होते. मे महिन्यातही दहाच असतात. बदलतो तो तुकडा. मार्चमध्ये दोन्ही हातांत धरावा लागणारा तुकडा मेच्या दुपारी एका मुठीत मावतो. इतर वस्तूंची महागाई आकड्यात दिसते, बर्फाची महागाई आकारात लपते. म्हणून तिची तक्रारही कुणी करत नाही.

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे हिशेबाची खोड. गेल्या काही उन्हाळ्यांत आम्ही हा प्रश्न मनात घोळवत राहिलो की बर्फाची किंमत नेमकी ठरवते कोण? कारखाना, दुकानदार की हवा?

हवेचे उत्तर शोधायला आमच्या जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. इथे माणूस कुठला, हे विचारताना तालुक्याच्या आधी ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ असे विचारतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच, तर मलकापूरकडची सपाटी अडीचशे-तीनशे मीटरवर. हजार मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, हा भूगोलाचा नियम लावला तर दोहोंत अडीच अंशांचा फरक निघतो. प्रत्यक्षात तो त्याहून जास्त जाणवतो. मे महिन्यात राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालेल्या एसटीत खिडकीशी बसा. घाट संपता संपता खिडकीतून येणारा वारा बदलतो, आणि लोक न सांगता काचा लावून घेतात.

आता बर्फ बनवण्याचा खर्च पाहू. तापमान कितीही असो, शून्य अंशाच्या एक ग्रॅम पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ करायला त्यातून ८० कॅलरी उष्णता काढावी लागते. पाठ्यपुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात. तो घाटावर आणि घाटाखाली सारखाच. पण पाणी आधी शून्यापर्यंत आणायचे असते. ३० अंशांच्या पाण्यातून ग्रॅममागे आणखी ३० कॅलरी काढाव्या लागतात, आणि गच्चीवरच्या टाकीत तापलेले ४० अंशांचे पाणी असेल तर ४०. म्हणजे ११० च्या जागी १२०. शिवाय काढलेली उष्णता कुठेतरी बाहेर टाकावी लागते. बाहेरची हवाच तापलेली असेल तर यंत्राला ती बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने मासेमारीच्या बर्फासाठी दिलेले आकडे याला धरूनच आहेत. एक टन लादीच्या बर्फाला समशीतोष्ण देशात ४० ते ५० युनिट वीज लागते, उष्ण देशात ५५ ते ७०. तोच बर्फ, तेवढेच वजन, पण नुसत्या हवामानापायी विजेचा खर्च तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढतो. गंमत अशी की ज्या महिन्यात यंत्र सर्वात जास्त धापा टाकते, त्याच महिन्यात गिऱ्हाईक सर्वात जास्त येते.

आमच्याकडे त्यात पाण्याची भर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा वाचकांना ठाऊक असेलच. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या कितीतरी गावांत बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. खारट पाणी शून्याखाली गेल्याशिवाय गोठत नाही, आणि गोठले तरी बर्फ पांढरट, ठिसूळ होतो. खाण्याच्या बर्फाला गोडे पाणी हवे, म्हणजे ते दुरून आणा किंवा आर.ओ. लावा. तो खर्चही लादीवर चढतो.

तरीही, सत्तर युनिट लागोत की पन्नास, टनाचा खर्च किलोवर वाटला तर विजेचे काही पैसेच पडतात. मग दहाचा तुकडा मुठीएवढा का? कारण बर्फ ही विकता विकता नाहीशी होणारी वस्तू आहे. दुकानदाराचा हिशेब मुलांना फळ्यावर मांडून दाखवावा असा आहे. समजा, त्याने १०० किलोच्या लाद्या किलोमागे ५ रुपयांनी घेतल्या आणि गाडीभाडे १०० रुपये दिले. त्याचे ६०० रुपये गेले. संध्याकाळपर्यंत २० किलो वितळला तर उरलेला ८० किलो त्याला साडेसात रुपयांनी पडला. ४० किलो वितळला तर १० रुपयांनी. कारखान्याने एक पैसा वाढवला नाही, दुकानदाराने नफा घेतलेला नाही, आणि भाव दुप्पट झाला. हा वरचा पैसा नालीतून वाहून गेला. बर्फवाल्याशी हुज्जत घालण्यापूर्वी त्याच्या पायाखालचा ओला रस्ता एकदा पाहावा, असे आम्हांला वाटते.

बर्फ कुठे लवकर वितळतो, याचे उत्तर मात्र आपण समजतो तितके सरळ नाही. आमच्या ओळखीचे एक कोकणी कुटुंब रत्नागिरीकडचे. तिथे मेमध्ये पारा तेहेतीस-चौतीसच्या पुढे क्वचित जातो. आमच्या घाटाखाली बेचाळीस म्हणजे सौम्य दिवस. शेजारच्या अकोल्याचा पारा तर पंचेचाळीसही ओलांडतो. तेव्हा बर्फ आमच्याकडे लवकर वितळणार, असे कुणीही म्हणेल. पण सावलीत, वारा नसताना ठेवलेला बर्फ कोकणात अधिक लवकर वितळू शकतो. कारण दमट हवेतली वाफ थंड बर्फावर बसते आणि तिचे पाणी होताना भरपूर उष्णता सोडते. एक ग्रॅम वाफ बर्फावर बसली की ती सातएक ग्रॅम बर्फ घेऊन जाते. थंड पेल्याला बाहेरून सुटणारा घाम तो हाच. आमची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे ही वाट आमच्याकडे जवळजवळ बंद असते. आमचा शत्रू वेगळा आहे, ऊन आणि लू. बर्फावरून गरम वारा वाहू लागला की त्याच्याभोवती साचलेली थंड हवा उडून जाते आणि मग तो टिकत नाही.

शत्रू ओळखला की उपाय स्वस्त होतो. कोरड्या हवेचे एक देणे आहे, ते कोकणाला नाही. बाहेर ४२ अंश असताना आमच्याकडे ओल्या कापडाचे तापमान वीस-बावीस अंशांपर्यंत उतरते, कारण पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी थंड होते ते यामुळेच, वाळ्याचा पडदा आणि कूलर चालतो तोही यामुळेच. म्हणून घरी आणलेला बर्फ आतून कोरड्या भुशात किंवा कोरड्या गोणपाटात आणि बाहेरून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवला, तर त्याला बाहेरची हवा बेचाळीसची नाही, वीस-बावीसची लागते. वितळण्याचा वेग निम्म्यावर येऊ शकतो. मात्र आतले वेष्टन कोरडेच हवे, कारण भिजलेला भुसा थंडी धरत नाही. खाली वितळलेले पाणी साचू द्यायचे नाही, भांड्याच्या तळाशी एखादी पालथी ताटली ठेवून बर्फ तिच्यावर ठेवावा. आणि सर्वात मुख्य, लागेपर्यंत फोडायचा नाही. एका चौकोनी तुकड्याचे सारखे आठ तुकडे केले की उघडा पृष्ठभाग दुप्पट होतो. दुकानातून चुरा करून आणलेला बर्फ घरापर्यंत अर्धा पोचतो, यात नवल नाही.

भुशाची ही युक्ती आपल्याकडच्या बर्फाच्या इतिहासातही आहे. अमेरिकेतल्या बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून तिथल्या गोठलेल्या तळ्यांचा १८० टन बर्फ भुशात बांधून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडायचे. तरी १०० टनांच्या आसपास बर्फ शाबूत उतरला. पुढच्याच वर्षी तो मुंबईतही आला. जमशेटजी जीजीभाईंच्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, अशी चर्चा तेव्हाच्या वर्तमानपत्रात झाली होती. कारखान्याचा बर्फ निघू लागल्यावर, १८८० च्या दशकात, हा दर्यापारचा धंदा बसला.

त्याच्याही अडीचशे वर्षे आधीचा भाव आपल्याला ठाऊक आहे, आणि तो उर्दू-फारसीशी नाते असलेल्या वाचकांना रंजक वाटेल. (बर्फ हा शब्दच फारसी, मराठीने तो इतका आपलासा केला की ‘हिम’ फक्त कवितेत उरले. बर्फी त्याचीच लेक.) अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या आबदारखान्याची माहिती आहे. आधी पाणी सोऱ्याने थंड करत. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, त्या पाण्यात सुरई फिरवत राहायची. १५८६ नंतर दरबार लाहोरला असताना उत्तरेच्या डोंगरातून बर्फ येऊ लागला, नावेने, गाड्यांनी आणि माणसांच्या खांद्यावरून. बाजारात तो रुपयाला दोन ते तीन शेर मिळे. अकबरी शेर आजच्या शेरापेक्षा लहान, म्हणजे रुपयाला जेमतेम सव्वा ते दोन किलो. त्या रुपयाची किंमत समजायला त्याच ग्रंथातली मजुरी पाहावी. साध्या मजुराला दिवसाला दोन दाम मिळत, आणि रुपयाचे चाळीस दाम. म्हणजे त्या मजुराने वीस दिवस राबावे तेव्हा त्याला दीडएक किलो बर्फ मिळणार. उन्हाळ्यात सगळेच बर्फ वापरतात आणि अमीर-उमराव बारा महिने, अशी नोंद तिथे आहे. ‘सगळे’ या शब्दात तो मजूर बसत होता का, हे वाचकांनीच ठरवावे.

आज दिवसाची मजुरी तीनशे रुपये धरली तर वीसच्या बर्फाला अर्ध्या तासाची मेहनत पडते. वीस दिवसांवरून अर्ध्या तासावर. पण याच गावात याच दुपारी दुसऱ्या घरी तोच बर्फ किती पैशांत पडतो, ते पाहिले की आनंद आवरता घ्यावा लागतो.

फ्रीजमध्ये एक किलो पाण्याचा बर्फ करायला साधारण युनिटाचा दहावा हिस्सा वीज लागते, फार तर थोडी जास्त. म्हणजे रुपया, सव्वा रुपया. आणि ज्याच्या घरी फ्रीज नाही तो वीस रुपयांचे ढेकूळ घेतो, उन्हातून सायकलवर घरी आणतो आणि वापरायची वेळ येईपर्यंत त्यातले किलोभर उरले तर त्याचे नशीब. एकाला किलो रुपयाला, दुसऱ्याला वीसला. रोज वीस रुपये धरले तर उन्हाळ्याच्या नव्वद दिवसांत अठराशे होतात, म्हणजे सहा दिवसांची मजुरी. छोट्यात छोटा फ्रीज बारा-पंधरा हजारांचा. तो घ्यायला एकदम पैसे नाहीत म्हणून दरवर्षी थोडे थोडे पाण्यात घालायचे. गरिबाला प्रत्येक वस्तू सुटी आणि म्हणून महाग घ्यावी लागते, तेल असो की चहापत्ती. बर्फ हा त्याचा सर्वात टोकाचा मासला, कारण तेल निदान घरी पोचेपर्यंत आटत तरी नाही.

फ्रीज आल्याने सगळे सुटते असेही नाही. घरगुती विजेचा दर शंभर युनिटांपर्यंत एक आणि त्यापुढे दुपटीच्या आसपास. पंखा, कूलर आणि फ्रीज एकत्र चालू लागले की मे महिन्याचे मीटर ती रेघ ओलांडते, आणि घरातली बाई फ्रीज रात्री बंद करून ठेवते. त्यात वीज गेली की वरच्या कप्प्यातला बर्फ खाली गळू लागतो. घाटाखालच्या उन्हात दार पुन्हा पुन्हा उघडणाऱ्या फ्रीजला बर्फ धरायला किती वेळ लागतो, हे तिथल्या आयाबायांना विचारा.

म्हणूनच शेजारचा फ्रीज ही आमच्या मोहल्ल्यांतली मोठी संस्था होती. २०१८ साली रमजान १७ मेच्या सुमारास सुरू झाला, २०१९ साली ७ मेच्या. पंधरा तासांच्या आसपासचा रोजा आणि बाहेर लू. असरनंतर पोरे स्टीलचा डबा घेऊन निघायची. ‘अम्मीने बर्फ मांगी है,’ एवढेच म्हणायचे, आणि खाला ट्रे उलटा करून पाण्याखाली धरून डब्यात रिकामा करायची. काही घरांत तर त्या महिन्यात फ्रीजच्या वरच्या कप्प्यात स्वतःचे काही ठेवतच नसत, वाट्या आणि टिफिनचे डबे भरून बर्फच लावत. त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आता रमजान थंडीकडे सरकला आहे, यंदाचा तर फेब्रुवारी-मार्चमध्येच झाला. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे येते, तेव्हा मे-जूनचे रोजे पुन्हा २०५० च्या आसपास. डबा घेऊन धावणारी पोरे तेव्हा चाळिशीची असतील.

बर्फाची एक गरज मात्र अशी आहे की तिला हंगाम नाही आणि भावही विचारता येत नाही. आपल्याकडे दफन लवकरात लवकर करण्याचा शिरस्ता. पण मुलगा मुंबईला किंवा सुरतेला कामाला असतो, मुलगी दूरच्या गावी दिलेली असते. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाले तरी मलकापूरला उतरायला पहाट-सकाळ होते. मेच्या उकाड्यात तेवढे तास मय्यत ठेवायची तर बर्फाच्या लाद्या लागतात. शहरांत आता संस्थांच्या थंड पेट्या मिळतात, बऱ्याच ठिकाणी विनामूल्य. खेड्यात ती पेटी पोचेपर्यंत, आणि पोचली तरी वीज असेल तर, असा प्रश्न असतो. अशा रात्री आम्ही लादी आणायला गेलो आहोत, एकदा नव्हे, चार-पाच वेळा. बर्फवाला झोपेतून उठतो, ‘कशाला पाहिजे?’ एवढे विचारतो. कारण कळले की अख्खी लादी काढून देतो, फोडत नाही. आमच्या माहितीतल्या एका वयस्क बर्फवाल्याने मय्यतीच्या बर्फाचे पैसे आजवर कुणाकडून घेतलेले नाहीत, कुठल्याही समाजाचे असोत. दिवसा तो दहाच्या तुकड्यात कंजूष म्हणून ओळखला जातो.

इथेही तेच शहाणपण उपयोगी पडते. लाद्या अख्ख्या ठेवाव्यात, खाली लाकडी फळ्या देऊन पाणी वाहून जाऊ द्यावे, पंख्याचा झोत थेट लाद्यांवर सोडू नये. दु:खाच्या घरात हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून शेजाऱ्याने लक्षात ठेवावे.

आता खाण्याच्या बर्फाबद्दल एक गोष्ट, कारण घरात लहान मुले असतात. पुष्कळांना वाटते की गोठवल्याने जंतू मरतात. मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबून राहतात. कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू बर्फातून सरबतात आणि सरबतातून पोटात सहज जातात. कारखान्यात मासे, फळे, यंत्रे थंड ठेवायलाही बर्फ बनतो, त्याला पिण्याचे पाणी वापरण्याची सक्ती नसते. दोन्ही बर्फ दिसायला सारखे, म्हणून २०१८ च्या जूनपासून महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने असा नियम केला की न खाण्याच्या बर्फात खाद्य निळा रंग घालावा. निळा बर्फ पेल्यात दिसला तर पिऊ नये, इतके सोपे. आमच्या बाजारात निळा बर्फ आम्हांला क्वचितच दिसला आहे. याचा अर्थ सगळा बर्फ खाण्याचा आहे, असा घ्यायला आम्ही तयार नाही. गोळेवाला, रसवंतीवाला यांना विचारावे, बर्फ कुठून आणता? विचारल्याने कुणी मारत नाही. लादीच्या मध्यभागी पांढरी रेघ दिसते ती मात्र घाण असेलच असे नाही. पाणी बाहेरून आत गोठत जाते, हवेचे बुडबुडे आणि क्षार मध्ये ढकलले जातात, त्यांचा तो पांढरेपणा. सरबतासाठी कडेचा काचेसारखा भाग घ्यावा. सर्वात बरे म्हणजे बाजारचा बर्फ पेल्यात घालूच नये. सरबताचे पातेले मोठ्या घमेल्यात ठेवून बर्फ बाहेरून लावावा, जुन्या लग्नघरांत करत तसे. चव तीच, पोट सुरक्षित, आणि सरबतही पाणचट होत नाही.

शहरांत आता पिशवीबंद तुकड्यांचा बर्फ मिळतो, मोबाइलवरून मागवला की दारात. आखातात गेलेली आमची मुले सांगतात की तिकडे पेट्रोल पंपावरही बर्फाच्या पिशव्यांचे कपाट असते, बाहेर पन्नास अंश असोत. हा बर्फ स्वच्छ असतो आणि लादीच्या बर्फाच्या कैक पट महाग. त्या किमतीत पाणी नगण्य. पैसे पडतात ते पिशवीला, ती थंड ठेवणाऱ्या गाडीला आणि दुकानातल्या रात्रंदिवस चालणाऱ्या त्या कपाटाला. बर्फ महाग नाही, बर्फ बर्फच राहणे महाग आहे. आमच्या जिल्ह्यात ही पिशवी हळूहळू येत आहे, पण सध्या तरी ती पार्टीवाल्यांची वस्तू आहे.

बर्फाची खरी घाई यंदा आणि पुढची काही वर्षे बकरीदला होणार आहे. २०२४ साली ईद १७ जूनला होती, २०२५ साली ७ जूनला. निदान पावसाची आशा तरी होती. यंदा ती मेच्या शेवटच्या आठवड्यात येते आणि पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर. चंद्र एक दिवस इकडेतिकडे करील, ऊन करणार नाही. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक फ्रीजवर एकाच वेळी भार पडतो. गरम गोश्ताची भरलेली पातेली आत कोंबली की फ्रीजची सगळी ताकद तीच थंड करण्यात जाते, बर्फ धरत नाही आणि मधल्या ढिगाचा भाग रात्रीपर्यंत कोमटच राहतो, तोच आधी बिघडतो. एवढ्या उकाड्यात गोश्त तासाभरापेक्षा जास्त उघडे राहू नये. म्हणून वाटप सकाळीच उरकावे. नातेवाइकांचे आणि गरिबांचे हिस्से आधी घराबाहेर पडले तर आपल्या फ्रीजलाही श्वास मिळतो. उरलेले किलो-अर्ध्या किलोच्या चपट्या पुड्यांत बांधावे, गोळा करून नव्हे. चपटी पुडी लवकर गार होते. पुड्यांमध्ये फट ठेवावी.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांच्यासाठी बर्फ आणि डबा. मासळीच्या धंद्यात उष्ण हवेत किलोभर मासळीला किलोभर बर्फ धरतात, तोच हिशेब गोश्ताला धरायला हरकत नाही. थर्माकोलचे खोके फळवाल्याकडे वीस-तीस रुपयांत जुने मिळते. त्यात तळाला बर्फ, वर पिशवीत घट्ट बांधलेले गोश्त, परत वर बर्फ, पाणी निघायला कोपऱ्यात एक भोक. बाहेरून ओले गोणपाट. संध्याकाळी पाहून बर्फ बदलला की दुसऱ्या दिवसापर्यंत निभते. त्यापुढे ठेवूच नये.

आणि सुटा बर्फ घेऊ नये. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून अख्खी लादी घेतली तर कारखान्याच्या भावाने पडते, वाटेत वितळतही कमी आणि दहाच्या तुकड्याचा अंदाजपंचे कारभार टळतो. आमच्या गल्लीत गेल्या ईदला हे केले. लादी पहाटे आली, मशिदीमागच्या ओट्यावर गोणपाटात ठेवली, ज्याला जेवढी हवी तेवढी तो करवतीने कापून नेत होता. पैसे मात्र आदल्या दिवशीच जमा केले होते. कारखान्याला दोन दिवस आधी सांगावे लागते. ईदच्या सकाळी फोन केला तर लादी गेलेली असते, आणि चौकातल्या हातगाडीवर दहाचा तुकडा तेवढा उरतो.